एकेचाळीस नंबरचं स्टँड

सलीमचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या आवारात गाडी लावत होतो. सलीम आमच्या जुन्या वर्कशॉपमधला फिटर. अजून इथे दोहातच आहे, दर ईदला न चुकता फोन करतो; पण ईद होऊन तर बरेच दिवस झाले होते. "साहेब, कासमचाचा गेले," तो म्हणाला. "गावाला मशिदीच्या आंगणात पाण्याचा पिंप भरत होते. दम लागला म्हणून पायरीवर बसले, ते बसलेच…" दफन आदल्या दिवशीच झालं होतं. अशा वेळी जे म्हणायचं असतं ते मी म्हटलं, फोन ठेवला आणि एसी चालू ठेवून गाडीत बसून राहिलो. मग उतरलो, बायकोने सांगितलेला पाव आणि कोथिंबीर घेतली, घरी आलो, जेवलो. घरात कुणाला काही बोललो नाही. गप्प बसणं ही माझी जुनी खोड आहे आणि या लेखाचा विषयही खरं तर तीच आहे.

त्याला आता सात आठवडे होतील. गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे चार चांगल्या गोष्टी लिहायच्या, अशी आपल्याकडे पद्धत आहे. कासमभाईंबद्दल चांगलं लिहायला काहीच कष्ट नाहीत. अडचण एवढीच आहे की ते खरं लिहायचं, तर माझ्याबद्दल वाईट लिहावं लागतं. ते मी इतकी वर्षं टाळलं. आता टाळून कुणाची सोय होणार आहे? त्यांची तर नाहीच.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकहून कतारला आलो. सनायात, म्हणजे इथल्या औद्योगिक वस्तीत, आमच्या कंपनीचं पाइप आणि सांगाडे तयार करायचं वर्कशॉप होतं. मी तिथे वेल्डिंग तपासायचो. प्रत्येक वेल्डरला एक नंबर असायचा आणि कुठलाही जोड पुरा झाला की त्याने शेजारी लोखंडी पंचाने आपला नंबर ठोकायचा, असा नियम होता. उद्या जोड फुटला तर कुणाचा हात होता ते कळलं पाहिजे. कुठला नंबर कुणाचा, ते रजिस्टर माझ्याकडे. लोक कंटाळा करायचे, चार जोड झाले की एकदम नंबर मारायचे, एकमेकांचे जोड आपल्या नावावर घ्यायचे. मी आरडाओरडा करायचो. "नंबर नाही तर जोड नाही," हे माझं पालुपद होतं आणि पोरं माझ्या पाठीमागे नाकातून बोलून त्याची नक्कल करायची, हेही मला माहीत होतं.

नक्कल न करणारे एकटे कासम होडेकर. नंबर एकेचाळीस. जयगडच्या खाडीकाठचं गाव, उंच, वाकलेले खांदे, दाढी थोडी पिकलेली, आणि खिशात रुमालात गुंडाळलेले दोन पंच, एक चारचा आणि एक एकचा. त्यांच्या जोडांचे एक्स-रे काढायचे म्हणजे फिल्म फुकट घालवणं होतं, इतकं ते काम स्वच्छ असायचं. जोड झाला, की तोंडावरची काच वर करून ते फुंकर मारत, गार व्हायची वाट बघत आणि मग हलक्या हाताने, टक्, टक्. चार. एक. ही सवय इतकी अंगात मुरली होती की त्यांनी कामगारांच्या कॅम्पात टॉवेल अडकवायला एक हूक केला, त्यावरही एकेचाळीस होता. मी तो हूक सगळ्यांसमोर उचलून दाखवला होता. "बघा, याला म्हणतात काम!" कासमभाई लाजले होते. एकदा मी घरी फोनवर बोलत असताना मागे येऊन उभे राहिले आणि फोन झाल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी मराठी बोलता ना, कानाला बरा वाटतो." तेवढ्यावर आमची ओळख वाढली. दर गुरुवारी संध्याकाळी ते मला त्यांच्या गावची हवा, खाडीची भरती आणि मशिदीतल्या बांगेबद्दल सांगत. सुट्टीवर गेले की पहाटेची बांग तेच देत. आवाज चांगला होता म्हणे. मी कधी ऐकला नाही.

आता दुसरी बाजू. दोहाच्या जुन्या मुशैरिब भागात कंपनीच्या एका घरात मी आणि पुण्याचा पाठक नावाचा ड्राफ्ट्समन राहायचो. मधे चौक, भोवती खोल्या आणि मागे एक बिनखिडकीची अडगळीची खोली. बायका-मुलं देशात. इथे दारूचा परवाना मोठ्या साहेबांना मिळायचा, आमच्यासारख्यांना नाही. आणि घरी काढणं हा तर सरळ गुन्हा. एक गोरा इंजिनियर नोकरी सोडून जाताना आम्हाला त्याची मोठी पातेली, नळ्या, थर्मामीटर आणि एक वही देऊन गेला. त्या वहीवरून आम्ही बिअर करायला शिकलो. मटकीला आणावेत तसे जवाला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवून गोड काढा गाळायचा, उकळायचा, थंड करून यीस्ट टाकायचं आणि झाकून ठेवायचं. पहिल्या दोन वेळचं पिणं म्हणजे शिक्षा होती. तिसऱ्या वेळेला जमलं, आणि मग काय विचारता! आम्ही दोघं स्वतःवर भलतेच खूश होतो.

या कामाला तीन पातळ्या लागतात. वर गरम पाण्याचं पिंप, मधे भरड भिजवायचं, खाली उकळायचं. म्हणजे एकातून दुसऱ्यात आपोआप उतरतं, उचलाउचल करावी लागत नाही. आम्ही हे सगळं टेबलावर टेबल आणि त्यावर खोकी ठेवून भागवत होतो. एके दिवशी ते टेबल वाकडं झालं आणि पन्नास लिटर ऊनऊन पाणी पाठकच्या पायावर आलं. सोललेला पाय घेऊन त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा आम्ही सांगितलं, चहाचं आधण सांडलं. डॉक्टरने विचारलं, किती जणांचा चहा होता? आम्ही हसलो, पण तो हसला नाही. तेव्हा ठरलं, स्टँड करायचं तर लोखंडाचं, आणि असं की हत्ती बसला तरी हलणार नाही. असं काम करणारा माणूस मला एकच माहीत होता.

कासमभाई पाच वेळचे नमाजी. दारूच्या बाटलीचं झाकणसुद्धा त्यांनी हातात धरलं नसतं. त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी हात जोडून नाही म्हटलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी सांगितलं, "कासमभाई, आमच्या घरी टाकीचं पाणी फार खराब येतं. गाळायचं यंत्र करायचंय. वर कच्चं पाणी, मधे वाळू आणि कोळसा, खाली स्वच्छ पाणी." हे मला शाळेच्या पुस्तकातल्या एका चित्रावरून त्या क्षणी सुचलं. त्यांनी बोटाने हवेत तीन मजले मोजले. मग म्हणाले, "साहेब, काय डोका हाय तुमचा! पाण्याचा काम म्हणजे सवाबाचा काम." सवाब म्हणजे पुण्य. त्यांनी माझ्याकडून वहीत चित्र काढून घेतलं, कुठल्या थरात काय ते नीट विचारलं, वाळू जाड की बारीक तेही विचारलं. मी खोटं बोलत होतो आणि ते लिहून घेत होते.

स्टँड झालं ते एका शुक्रवारी. वर्कशॉपच्या परवानगीने भंगारातला दोन इंची अँगल त्यांनी आधीच मापात कापून ठेवला होता. जुम्म्याची नमाज उरकून ते पिकअपमध्ये तुकडे आणि छोटं वेल्डिंग मशीन घालून आले. त्या खोलीचं दार अरुंद, म्हणून सगळी जोडणी आतच करायची. आत भट्टी पेटल्यासारखा उकाडा होता. पाठकने सगळी पातेली आधीच पलंगाखाली ढकलली होती. कासमभाईंनी चार पाय उभे केले, तीन मजल्यांच्या चौकटी लावल्या, मागे आणि बाजूंना तिरके आधार दिले, पायांखाली जाड पट्ट्या जोडल्या, दर जोडाला लेव्हल लावून बघितली. फरशी एका कोपऱ्यात अर्धं बोट उतरती होती. तो पाय त्यांनी परत कापला आणि वाढवून जोडला. मी म्हटलं, "कासमभाई, एवढं कशाला, पाचर ठोकू." ते म्हणाले, "पाचर सरकते, साहेब. उद्या कोणाच्या पायावर पिंप पडला तर?" पाठकने माझ्याकडे बघितलं आणि मी फरशीकडे. शेवटी ते स्वतः सगळ्यात वरच्या मजल्यावर चढून बसले, पाय हलवले आणि हसले. सहा फुटांवर, छताला डोकं टेकवून बसलेले, घामाने निथळणारे, खूश… मला ते अजून तसेच दिसतात.

मग टक्, टक्. मी दुसऱ्या खोलीत चहा गाळत होतो आणि मला तो आवाज ऐकू येत होता. एकेका जोडाशेजारी, चार, एक. बोलणार काय? घरच्या कामाला नंबर कशाला, असं मी म्हटलं असतं तर त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं असतं. ते गेल्यावर माझ्या मनात आलं होतं की ग्राइंडर आणून हे आकडे घासून टाकावेत. पण ग्राइंडरचा आवाज, शेजारी, कंटाळा… मी त्यावर लाल प्रायमर मारला, वर करड्या रंगाचा हात दिला आणि विसरलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून पगार घेतलेल्या माणसाने हे केलं, हे मी मुद्दाम नोंदवतो.

पुढे कासमभाई भेटले की विचारायचे, "साहेब, पाणी कसा येतो?" मी म्हणायचो, "अमृत!" एके दिवशी ते कामासाठी मुशैरिबमध्ये आले होते, तर पाणी बघायला म्हणून दारात उभे राहिले. मागच्या खोलीत त्या वेळी दोन बादल्या फसफसत होत्या आणि घरभर आंबूस वास होता. मी त्यांना चौकातच बसवलं, "आत साफसफाई चाललीय," म्हणून सांगितलं, स्वयंपाकघरात गेलो, दुकानातून आणलेली पाण्याची बाटली उघडली, काचेच्या ग्लासात ओतली आणि बाहेर आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ग्लास उजेडात धरून बघितला. मग दोन्ही हातांनी धरून, बिस्मिल्ला म्हणून, तीन घोटांत संपवला. "माशाल्ला," म्हणाले. "गावाला मशिदीत असाच एक करायला पायजे. तिथं विहिरीचा पाणी गढूळ हाय." जाताना त्यांनी माझ्या घराला दुवा दिली. पाठक आतून ऐकत होता. ते गेल्यावर तो मला म्हणाला, "हे फार झालं रे." मी म्हटलं, त्यांना बरं वाटलं ना, झालं तर.

दोनेक वर्षांनी माझा हुद्दा वाढला, बायको आणि लेक इथे आल्या आणि मी फ्लॅटमध्ये राहायला गेलो. स्टँड काही दारातून बाहेर निघणारं नव्हतं, आणि मला ते नकोही होतं. लेकीची शाळा सुरू झाली, मी एकदम सभ्य गृहस्थ झालो. पाठक तिथेच राहून आपला उद्योग करत होता. मग त्यालाही कॅनडाचा व्हिसा मिळाला आणि तो घाईघाईत गेला. जाताना पातेली, बादल्या, अर्धवट आंबलेला माल सगळं खोलीत तसंच टाकून. कुलूप लावलं की संपलं, असं त्याला वाटलं असावं. कंपनीने तिथे नवीन लोक ठेवले, महिनाभराने वासाची तक्रार झाली आणि कुलूप तोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ॲडमिनच्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, रजिस्टर घेऊन या. मी तिथून निघाल्यापासून त्या घरात दहा-बारा जण राहून गेले होते आणि प्रत्येकाने हेच सांगितलं होतं की आम्ही आलो तेव्हा ते स्टँड होतं. मीही तेच सांगितलं. साहेबांना प्रकरण पोलिसांपर्यंत जायला नको होतं, पण वर कळवायला एक नाव हवं होतं, आणि पाठक तर कॅनडात, हाती न लागणारा. टेबलावर एक फोटो होता. आमचं स्टँड, करडा रंग. बिअरचा काढा उकळताना उठणाऱ्या वाफेनेच त्या रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि एका जोडाशेजारी स्पष्ट, कुणालाही वाचता येईल असा आकडा होता. "ये नंबर किसका है?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे तेव्हा बोलायला कितीतरी गोष्टी होत्या. जुनं रजिस्टर सापडत नाही, म्हणता आलं असतं. आकडा नीट दिसत नाही, म्हणता आलं असतं. सर, ते स्टँड माझं आहे, असंही म्हणता आलं असतं. वाक्य पाच शब्दांचंच आहे. माझ्या डोळ्यांपुढे लेकीचा नवा गणवेश आला. मी रजिस्टर उघडलं, जो आकडा मला झोपेतही पाठ होता त्याच्यासाठी पानं उलटली, बोट खाली नेलं आणि म्हणालो, "कासम होडेकर." मनात मी स्वतःला सांगत होतो की कासमभाई माझं नाव सांगतीलच, मग काय व्हायचं ते होईल. म्हणजे खरं बोलायचं कामसुद्धा मी त्यांच्यावर ढकललं होतं. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "खलास," ते म्हणाले. "एक आदमी जाएगा, फाइल बंद."

कासमभाईंना दुपारी बोलावलं. तिथल्या कारकुनाने मला नंतर सांगितलं, की ते स्टँड कशासाठी वापरलं हे त्यांना त्या टेबलासमोर पहिल्यांदा कळलं. फोटोतली पातेली, बादल्या ते बराच वेळ बघत राहिले. बनवलं कुणी? मी. कुणासाठी? यावर ते काही बोलले नाहीत. परत विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. "काम मेरा है, नंबर मेरा है," एवढंच म्हणाले. तीन दिवसांत व्हिसा रद्द, तिकीट हातात.

तिसऱ्या दिवशी ते हत्यारं जमा करायला वर्कशॉपमध्ये आले. मी माझ्या केबिनमध्ये होतो. बाहेर न पडता दिवस काढायचा असं मी ठरवलं होतं, पण ते काचेसमोर येऊन उभे राहिले, तेव्हा उठावंच लागलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी त्यासाठी तयार होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाबरलेले होते. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एकच विचारतो. त्या दिवशी मला पाणी दिलात… तो पन त्यातलाच होता?"

मी म्हणालो, "नाही, कासमभाई. ते पाणीच होतं. दुकानातल्या बाटलीतलं. देवाशपथ."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एखादा जोड तपासायला मी जसा वाकून बघतो, तसं. मग "अल्लाचा शुक्र," म्हणाले आणि वळून गेले. मी विमानतळावर गेलो नाही. त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

पुढच्या वर्षांचं काय सांगू? माझं ठीक चाललं. सलीम त्यांच्याच गावचा, तो अधूनमधून तिकडची खबर आणायचा. कासमचाचा 'कतारातून दारूच्या भानगडीत हाकलले' ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण पहाटेची बांग द्यायला त्यांना कुणी पुढे केलं नाही आणि तेही पुढे झाले नाहीत. वेल्डिंगचं छोटं दुकान टाकलं, बरं चाललं, असं तो सांगायचा. मी म्हणायचो, सलाम सांग. फोन नंबर मागावा, असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी विचारायचो. आता तर ते मुशैरिबही राहिलं नाही. सगळा भाग पाडून नवा करायचं काम चाललंय. सलीमच्या फोननंतरच्या शुक्रवारी मी मुद्दाम तिकडे गेलो, तर पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आमच्या घराच्या जागी विटांचा ढीग दिसला. मागच्या खोलीच्या भिंती पडल्या होत्या, छत गेलं होतं, आणि त्या राड्यात ते स्टँड उघड्यावर उभं होतं, चारही पायांवर, सरळ. आत सोड म्हणून मी वॉचमनला विनवलं, तर तो म्हणाला, "यल्ला, आगे चलो." पुढच्या आठवड्यात रजा काढून मी गावाला निघालो. नाशिकला जायच्या आधी रत्नागिरीला उतरून कासमभाईंच्या गावी गेलो.

हमीदाभाभी, कासमभाईंची बायको, मी पहिल्यांदाच पाहिली. बारीक, ताठ, पांढऱ्या ओढणीतली बाई. माझं नाव सांगितल्यावर तिने ओळखीची मान हलवली, चहा दिला. "रोज नाव निघायचा तुमचा," म्हणाली. "साहेबानी आसा शिकवलान, साहेबानी तसा सांगितलान." मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "भाभी, ते स्टँड माझं होतं. बिअर माझी होती. कासमभाईंना काही माहीत नव्हतं. नाव मी सांगितलं." सात वर्षांत जे जमलं नाही ते बोलायला मिनिटसुद्धा लागलं नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "ते आपनहून कदी बोलले नाय. पन ज्या मानसाचा रोज नाव निघतो, त्याचा फोन नाय, पत्र नाय… मना काय कळत नाय?" ती उठली, म्हणाली, "नवरा गेल्यावर इद्दतीत बाहेर पडायचा नसतो, पन चला, दाखवते."

मशीद घरापासून हाकेच्या अंतरावर होती. अंगणाच्या कोपऱ्यात, फणसाच्या सावलीला, स्टँड उभं होतं. तीन मजली. दोन इंची अँगल, तेच तिरके आधार, पायांखाली तशाच पट्ट्या. वर विहिरीच्या पाण्याचं निळं पिंप, मधल्यात जाड वाळू, बारीक वाळू आणि कोळसा, खालच्याला नळ आणि साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास. मी थापेत जे जे सांगितलं होतं, ते ते सगळं तिथे होतं. आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी ते केलं आणि रोज सकाळी स्वतः भरायचे. ते भरतानाच गेले. "मी बोल्ली, त्या मानसानं खोटा सांगितलान, तरी तसाच कशाला करता?" हमीदाभाभी सांगत होती. "तर बोलले, साहेबानी सांगितलेला काय चुकीचा नवता. तेवढा केला नाय त्यांनी."

माझा अंगठा सवयीने जोडाशेजारी गेला. गुळगुळीत होता. दुसरा जोड बघितला, तिसरा बघितला, खाली बसून मागचेही बघितले. कुठेच नंबर नव्हता. "पंच घरात डब्यात हायत," ती म्हणाली. "मारा की, मी बोल्ली. बोलले, नको. नंबर असला की कोणतरी विचारायला येतो."

मग तिने ती गोष्ट सांगितली, जी सलीमला माहीत नव्हती. परत आल्यापासून कासमभाई दर सोमवारी रोजा धरायचे. आजारात, उन्हाळ्यात, कधी चुकवला नाही. मौलवींनीही सांगून बघितलं की नकळत पोटात काही गेलं असेल तर माणसावर गुन्हा नाही. पण ते म्हणायचे, हा एका ग्लासाचा रोजा हाय. कसला ग्लास ते तिला शेवटच्या वर्षात कळलं. "खरा सांगा साहेब," ती म्हणाली. "तो पाणीच होता ना?"

"पाणीच होतं, भाभी."

"तवा पन तुमी असाच बोललात ना?"

टोमणा नव्हता तो. खरोखरच विचारत होती. आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्या माणसाशी मी इतकी वर्षं इतक्या सहजपणे खोटं बोललो की जे एक खरं वाक्य त्याच्या उपयोगाचं होतं, ते त्याला माझ्या तोंडून घेता आलं नाही. माझ्या खोट्यावर त्यांनी मशिदीला पाणी दिलं आणि माझ्या खऱ्यावर सात वर्षं उपास काढले.

वर्तमानपत्राची ही पुरवणी त्या गावातही जाते. म्हणून इथे लिहून ठेवतो. मुशैरिबमधलं स्टँड माझं होतं, दारू माझी आणि माझ्या सोबत्याची होती. कासम होडेकर यांनी ते पाण्यासाठी म्हणून केलं आणि माझं नाव वाचवून ते घरी आले. ज्यांनी त्यांना बांग द्यायला पुढे केलं नाही त्यांना दोष द्यायचा मला काडीचाही हक्क नाही. त्यांच्यापर्यंत खरं पोचवायचं काम माझं होतं. आणि त्या दुपारी मी दिलेल्या ग्लासात पाणी होतं. नुसतं पाणी. हे मी पुन्हा सांगतो, आणि ते ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं ते नाहीत, हेही मला कळतं.

निघताना हमीदाभाभीने साखळीचा ग्लास विसळला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे केला. मी घ्यायला जरा थांबलो.

"घ्या," ती म्हणाली. "पाणीच हाय."

मी तो दोन्ही हातांनी धरला.